मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, वेळ किती?

आजचा विषय एका साध्या प्रश्नातून निघाला. लेकीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेल्या एका काकूंनी मला तिकीट दाखवलं. मुंबईहून रात्री 1.30 ला सुटायचं, न्यूयॉर्कला सकाळी 7 ला पोचायचं. तारीख तीच. काकू म्हणाल्या, "साडेपाच तास तर आहेत, इन्सुलिनचं पोचल्यावर बघू." आता बघा, जानेवारीतला हा प्रवास प्रत्यक्षात 16 तासांचा होता!

हे कसं, ते क्रमाने पाहू.

आधी अंतर. भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडलं, तर त्या रेषेवरून जाताना सुमारे 14,200 किलोमीटर पडतात. पण पृथ्वी गोल आहे. घरी पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोरा ताणून धरा. तो सरळ पश्चिमेला जात नाही, उत्तरेकडे चढतो. मध्य आशिया, मॉस्कोचा परिसर, स्वीडन, आइसलँड असं करत तो कॅनडावरून खाली उतरतो. हे अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. म्हणजे जवळजवळ 1,700 किलोमीटर वाचले. अर्थात, युद्धामुळे किंवा राजकारणामुळे एखाद्या देशाचं आकाश बंद असेल, तर विमानाला वळसा घालावाच लागतो.

आता वेग. मोठं विमान ताशी साधारण 900 किलोमीटरने उडतं, पण हा वेग भोवतीच्या हवेच्या तुलनेत असतो. आणि उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. समजा, जाताना सरासरी 50 किलोमीटरचा वारा समोरून आला. वेग उरला 850, वेळ लागला सुमारे 14 तास 40 मिनिटं. येताना तोच वारा पाठीशी. वेग 950, वेळ सुमारे 13 तास 10 मिनिटं. अंतर तेच, फरक दीड तासाचा! यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढणं-उतरणं, वळसे धरा, की जाताना 15-16 तास सहज होतात.

राहिलं घड्याळ. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं. उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे करतात, तेव्हा साडेनऊ तास. म्हणून हिशेब असा: सुटण्याची आणि पोचण्याची, दोन्ही वेळा भारतीय वेळेत लिहा, मग वजाबाकी करा. न्यूयॉर्कचे सकाळचे 7 म्हणजे आपले संध्याकाळचे 5.30. रात्री 1.30 ते संध्याकाळी 5.30, झाले 16 तास. काकूंच्या तिकिटाचं कोडं सुटलं.

मधुमेहाची, रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांना हे 16 तास माहीत असलेच पाहिजेत. शरीराला तिकिटावरची घड्याळं कळत नाहीत, त्याला गेलेले तास कळतात. तेव्हा निघण्याआधी डॉक्टरांना खरे तास सांगा, डोस कधी घ्यायचा ते विचारून कागदावर लिहून घ्या, आणि औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. काकूंनी तसंच केलं.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.