मॅक्रो: एका नावात अनेक आज्ञा

अक्षरजुळणीच्या संगणकप्रणालीत वारंवार लागणाऱ्या आज्ञांच्या गटाला एकच नाव दिले, की त्याला मॅक्रो म्हणतात. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७८ मध्ये तयार केलेल्या ‘टेक’ प्रणालीत मूळ आज्ञा सुमारे ३०० आहेत; त्यांवर रचलेल्या ‘प्लेन टेक’मध्ये आणखी सुमारे ६०० येतात. एवढ्या आज्ञा लक्षात ठेवणे नवशिक्याला जड जाते.

लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या ‘लाटेक’ने हे ओझे हलके केले. अक्षरांचा आकार किंवा मोकळी जागा न सांगता लेखक फक्त ‘हे प्रकरण’, ‘ही यादी’ एवढेच सांगतो. मांडणी मॅक्रो ठरवतो. म्हणून आज्ञेचे नाव दिसण्यावरून नव्हे, तर अर्थावरून ठेवलेले बरे. ‘तिरपे’ऐवजी ‘ग्रंथनाम’ असे नाव असले, तर पुढे सगळी ग्रंथनामे ठळक करायची झाल्यास एकच ओळ बदलावी लागते.

चुकांपासून संरक्षणही महत्त्वाचे. टेकची ‘डेफ’ ही आज्ञा जुनी व्याख्या मुकाट्याने पुसते. लाटेकची ‘न्यूकमांड’ मात्र ते नाव आधीच वापरात असल्यास चूक दाखवते. ‘न्यूकमांड’मध्ये जास्तीत जास्त नऊ घटक (दरवेळी बदलणारा मजकूर) देता येतात; पण सुरुवातीला एकाच घटकाचे मॅक्रो लिहून सराव करणे सोयीचे ठरते.