प्रति, माननीय मुख्यमंत्री

सकाळी साडेनऊ. कवठे महांकाळच्या तहसील कचेरीबाहेर टेबल मांडतो, टाइपरायटरवरचं फडकं काढतो. माझं काम अर्ज लिहून देण्याचं. ‘प्रति’ या शब्दापुढे कुणाचं नाव घालायचं, हेच या कामात सगळ्यात महत्त्वाचं.

दहा. ढालगावच्या बाजूची एक मावशी. नवरा वारला, घरात कमावतं कुणी नाही. बसता बसताच म्हणाली, “थेट मुख्यमंत्र्यालाच लिवा की, दादा.”

“मावशी, हा अर्ज तहसीलदारांच्या नावानं जातो. मुंबईला पाठवला तर फिरून इथंच येईल, वर दोन महिने जातील.”

संजय गांधी निराधार योजना. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, रहिवासी दाखला, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड. ही योजना १९८० साली बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना आली. जानेवारी १९८२ मध्ये ते पायउतार झाले, पण त्यांच्या काळातला हा फॉर्म मी आजही आठवड्यातून कितीदा तरी भरतो. राज्यकर्त्याला मी त्याच्या भाषणांवरून जोखत नाही. त्याच्या सहीनं निघालेला कुठला कागद गरिबाच्या हातात उरला, ते बघतो.

अकरा. रोजगार हमीवर काम मागणारे दोघे. नमुना ठरलेला, पाच मिनिटांत झाला. ही कल्पना मांडली वि. स. पागे यांनी, विधान परिषदेचे सभापती. पहिला प्रयोग शेजारच्या तासगाव तालुक्यात, विसापूर भागात झाला. १९७२ च्या दुष्काळात वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते, तेव्हा अशाच कामांनी माणसं जगवली. आपल्या भागात रुजलेली गोष्ट पुढं साऱ्या देशानं उचलली, याचा मला अभिमान आहे.

बारा. दोघे चुलत भाऊ, वेगवेगळ्या बाजूंनी आले आणि बाकाच्या दोन टोकांना बसले. वहिवाटीचा रस्ता. धाकट्यानं बांध फोडून वाट नांगरली, थोरल्याची द्राक्षांची गाडी अडली. कायद्यानं मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५, अर्ज तहसीलदारांकडे. कागद यंत्रात घातला होता, तेवढ्यात थोरला म्हणाला, “आबा असते तर गावातच मिटलं असतं.”

आबा म्हणजे आर. आर. पाटील. अंजनीचे. १९९० पासून अखेरपर्यंत आमदार. आमचा कवठे महांकाळ मतदारसंघ पुनर्रचनेत तासगावला जोडला गेला, तेव्हा २००९ पासून ते आमचेही झाले. ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं आणि माणसं हातात खराटा घेऊन रस्त्यावर उतरली. उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम आली. १६ फेब्रुवारी २०१५ ला ते गेले. मी थोरल्याला म्हटलं, “आबा नाहीत, पण त्यांनी काढलेली तंटामुक्ती समिती आहे की. आधी गावच्या अध्यक्षापुढं बसा. नाही जमलं, तर हा अर्ज आहेच.” कागद यंत्रातून काढून घेतला. दोघेही उठून गेले, चहाच्या टपरीवर मात्र एकत्र थांबले.

दीड. भाकरी खातानाच स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा येऊन बसला. “काका, उपमुख्यमंत्री कुठल्या कलमात आहे?”

“कुठल्याच नाही. १६३ आणि १६४ वाच. मुख्यमंत्री आणि मंत्री, एवढंच तिथं आहे.” उपमुख्यमंत्री कायद्यानं मंत्रीच. आपल्या राज्यात हे पद पहिल्यांदा आलं ते १९७८ मध्ये, पद्माळ्याच्या वसंतदादा पाटलांच्या मंत्रिमंडळात, नाशिकराव तिरपुडे यांच्यासाठी. ते सरकार जुलैतच पडलं. मंत्री किती, यालाही आता मर्यादा आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं सभागृहाच्या १५ टक्के, म्हणजे २८८ ला ४३. राज्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण आपल्याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे, हेही त्याला लिहून घ्यायला लावलं.

चार. आजचं मोठं काम. म्हैसाळ योजनेच्या आवर्तनासाठी बारा-पंधरा शेतकरी. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उपसून या कोरड्या माळावर येतं, बागा त्याच्यावर उभ्या आहेत. वीजबिलातले ८१ टक्के शासन भरतं, १९ टक्के आम्ही. सगळ्यांचा एकच आग्रह: मुख्यमंत्र्यांना लिहा. मी समजावलं. पंप चालू करण्याचा हुकूम कार्यकारी अभियंत्यांच्या टेबलावरून निघतो, म्हणून ‘प्रति’ त्यांना. जिल्हा नियोजनाचा निधी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली ठरतो, म्हणून एक प्रत त्यांना. विधानसभेत प्रश्न आमदारच विचारणार, म्हणून एक प्रत तिकडं. मुख्यमंत्र्यांना शेवटची प्रत, माहितीसाठी. गावाचं नाव, गट नंबर, पाणीपट्टी भरल्याची पावती, पाटाला शेवटचं पाणी आलं ती तारीख, सगळं घातलं. “जनतेचा आक्रोश” वगैरे शब्द सुचवले गेले, ते मी गाळले.

साडेपाच. सह्या झाल्या, अंगठे उठले. म्होरक्याला बजावलं, “चारी ठिकाणी आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पोच हातात आल्याशिवाय खिडकी सोडू नका.”