खटला टीव्हीवर पाहताना

जेवणं उरकली की आपल्या कडोदऱ्यातल्या बहुतेक मराठी घरांत बातम्यांचं चॅनल लागतं. खुनाचा खटला चालू असेल तर रिमोटला कोणी हात लावू देत नाही. आम्हीही त्यातलेच. पण आपण जे पाहतो तो खटला नसतो. आपल्याकडे सत्र न्यायालयातली साक्ष टीव्हीवर दाखवत नाहीत. अमेरिकेत १९९५ साली ओ. जे. सिम्प्सनचा खटला लोकांनी घरबसल्या पाहिला. आपल्याला दिसतात त्या कोर्टाच्या पायऱ्या आणि बाहेर येऊन बोलणारे वकील.

या दोन्हींत किती अंतर असतं ते कसाबच्या खटल्यात कळलं. सरकारी वकील उज्ज्वल निकम जळगावचे, म्हणजे आपल्या खानदेशी मंडळींना घरचेच. कसाब तुरुंगात बिर्याणी मागतो, ही गोष्ट तेव्हा घराघरांत झाली. अजूनही चहाच्या टपरीवर ती ऐकू येते. २०१५ साली निकमांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं, की कसाबने बिर्याणी मागितली नव्हती आणि सरकारने दिलीही नव्हती. कसाबबद्दल सहानुभूतीची हवा तयार होत होती, ती मोडण्यासाठी आपण ते बोललो. हेतू काहीही असो, आम्हाला हे पटत नाही. पुरावा भक्कम होता, त्याला बिर्याणीची गरजच नव्हती.

त्याच खटल्यातल्या खऱ्या गोष्टी मात्र फार थोड्यांना आठवतात. २० जुलै २००९ रोजी कसाबने भर कोर्टात गुन्हा कबूल केला, तरी न्यायाधीश टहलियानी यांनी खटला थांबवला नाही. साक्षीपुरावे पुढे चालूच राहिले. ३ मे २०१० रोजी कसाब दोषी ठरला, पण त्याच निकालात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले. पुढे फाशीला उच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्यता दिली, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाच्या मान्यतेशिवाय अमलात येतच नाही.

म्हणून ‘आरोपीची पोलिसांसमोर कबुली’ अशी पट्टी खाली धावू लागली की घाई करू नये. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. मॅजिस्ट्रेटसमोर दिलेल्या कबुलीची गोष्ट वेगळी.

शेजारच्या कामरेज तालुक्यात पासोदरा इथे १२ फेब्रुवारी २०२२ रोजी एका तरुणीचा सगळ्यांसमोर खून झाला. त्याचा व्हिडिओ आपल्या मुलांच्या मोबाइलपर्यंत आला होता. सुरतच्या कोर्टाने ५ मे रोजी, म्हणजे तीन महिन्यांच्या आत, आरोपीला फाशी सुनावली. निकाल आला तरी तो व्हिडिओ फिरतच होता. कोणाकडे अजून असेल तर काढून टाका. त्या मुलीच्या घरचे आपल्यापासून फार लांब राहत नाहीत.

खरं कामकाज पाहायचं असेल तर गुजरात उच्च न्यायालयाची सुनावणी यूट्यूबवर थेट दिसते. भाषा इंग्रजी आणि वेग संथ, पण कॉलेजातल्या मुलांनी एकदा बसून पाहावी. आणि सत्र न्यायालयाचं दार बंद नसतं. काही नाजूक प्रकरणं सोडली तर कोणीही आत जाऊन मागच्या बाकावर बसू शकतो. मोबाइल तेवढा बंद ठेवायचा.