लहानपणी झालेल्या अत्याचाराबद्दल माणसं वीस-वीस वर्षांनी का बोलतात? आणि तेव्हा मदत कुठे मिळते?

कुणी तिशी-चाळिशीत असताना लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल पोस्ट लिहिली की खाली एक कमेंट ठरलेली असते. "इतकी वर्षं गप्प का होतात?"

या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते आकड्यांतही आहे. ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ या काळात एका रॉयल कमिशनने शाळा, चर्च, अनाथाश्रम अशा संस्थांमध्ये मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांची चौकशी केली. हजारो लोक कमिशनसमोर खासगीत बोलले. अत्याचार झाल्यापासून कुणाला तरी पहिल्यांदा सांगेपर्यंत त्यांना सरासरी किती काळ लागला? २३.९ वर्षं.

म्हणजे उशिरा बोलणं हा अपवाद नाही. बहुतेकदा असंच होतं.

मग लहानपणीच का सांगत नाहीत?

कारण सांगायचं कुणाला, हाच प्रश्न असतो. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोची गेल्या अनेक वर्षांची आकडेवारी पाहिली, तर पॉक्सोखाली नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या प्रकरणांत ९० टक्क्यांहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. नातेवाईक, शेजारी, घरी येणारा-जाणारा. ज्या माणसाकडे आई विश्वासाने मूल सोपवते, त्याच्याबद्दल आईला काय सांगायचं? सात-आठ वर्षांच्या मुलाकडे त्यासाठी शब्दही नसतात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रेड यांनी याला 'बिट्रेयल ट्रॉमा' म्हटलं. सोप्या भाषेत, विश्वासघातातून झालेली जखम. त्यांची मांडणी अशी: ज्याच्यावर जेवण-खाण, घर, माया यासाठी आपण अवलंबून आहोत त्यानेच इजा केली, तर ती गोष्ट पूर्ण ओळखणं मुलाला परवडत नाही. म्हणून मन ती बाजूला सारतं. कधी आठवण धूसर होते, कधी लख्ख असते पण तिला नाव मिळत नाही. नाव खूप नंतर मिळतं. एखादी बातमी वाचून, एखादा सिनेमा पाहून, किंवा स्वतःचं मूल त्या वयाचं झाल्यावर.

आणि मग आपल्याकडचं घर असतं. 'घरातली गोष्ट घरातच राहू दे', 'चार लोक काय म्हणतील' ही वाक्यं कुणाला नवी नाहीत. मुलीने धीर करून आईला सांगितलंच, तरी पुढच्या लग्नात त्याच काकांच्या पाया पडायला लावतात. माझ्या मते बाहेरचे लोक हा भाग सगळ्यात कमी समजून घेतात. अत्याचार थांबलेला असतो, पण तो माणूस दर गणपतीत समोर बसून मोदक खात असतो.

मुलांचं काय?

'पीडिता' हा आपल्या बातम्यांमधला शब्द फक्त बाईलाच लागू होतो. पण २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत केलेल्या अभ्यासात १२,४४७ मुलामुलींशी बोलणं झालं होतं. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा थोडं जास्तच होतं. ते मुलगे आज पुरुष आहेत. 'मर्दासारखा मर्द' ऐकत मोठे झालेत. त्यांच्यातल्या किती जणांनी कुणाला सांगितलं असेल, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

मोठेपणी याचा त्रास कसा दिसतो?

बऱ्याचदा तो त्या घटनेशी जोडलेला दिसतच नाही. झोप लागत नाही. कुणी मागून खांद्यावर हात ठेवला की अंगाला काटा येतो. नातं जवळ आलं की पळून जावंसं वाटतं, नाहीतर कुणी दुखावलं तरी सोडवत नाही. एखादा वास, एखादं गाणं, एखाद्या जिन्याचा अंधार, आणि शरीर क्षणात त्या वयात जाऊन पोहोचतं. यालाच हल्ली 'ट्रिगर होणं' म्हणतात. (रील्समध्ये हा शब्द इतका स्वस्त झालाय की ज्याला खरंच असं होतं त्याला तो वापरायची लाज वाटावी.)

जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी, आयसीडी-११, १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' हे वेगळं निदान आहे. एकाच अपघातानंतर होणारा त्रास आणि वर्षानुवर्षं, सुटका नसलेल्या परिस्थितीत झालेल्या अत्याचाराचा त्रास सारखा नसतो, हे त्यात मान्य केलंय. दुसऱ्या प्रकारात भीती आणि जुन्या आठवणींबरोबर आणखी तीन गोष्टी येतात: भावना आवरणं कठीण जातं, आपण कवडीमोल आहोत असं पक्कं वाटत राहतं, आणि माणसांच्या जवळ राहणं जमत नाही. 'माझा स्वभावच असा आहे' असं समजून जगणाऱ्या कित्येकांना हे वाचून पहिल्यांदा वाटतं की हा स्वभाव नसेलही.

बरं होणं म्हणजे नेमकं काय?

इथे सिनेमांनी आपला गोंधळ करून ठेवलाय. सिनेमात माणूस एकदा सगळं बोलतो, ढसाढसा रडतो, गुन्हेगारासमोर उभा राहतो आणि मोकळा होतो. प्रत्यक्षात क्रम जवळजवळ उलटा असतो.

मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये मांडलेले तीन टप्पे आजही या क्षेत्रात पाया मानले जातात. आधी सुरक्षितता. मग आठवण आणि शोक. मग पुन्हा माणसांत, आयुष्यात परत येणं. सांगणं पहिल्या पायरीवर नाही, हे लक्षात घ्या.

सुरक्षितता म्हणजे अगदी साध्या गोष्टी. झोपायला कडी लागणारी खोली आहे का? तो माणूस अजून घरी येतो का? दारूचा, गोळ्यांचा किंवा स्वतःला इजा करण्याचा आधार घ्यावा लागतोय का? जुनी आठवण अंगावर आली तर परत 'आज'मध्ये यायला काय करायचं? यासाठी थेरपिस्ट छोटे उपाय शिकवतात: पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, गार पाण्याने तोंड धुवायचं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हे हाताशी नसताना कुणी 'सगळं सविस्तर सांग' म्हणून मागे लागलं, तर जखम नव्याने उघडते.

त्यानंतरच्या टप्प्यासाठी खास उपचारपद्धती आहेत. पीटीएसडी असलेल्या प्रौढांसाठी ट्रॉमावर केंद्रित सीबीटी आणि ईएमडीआर या दोन पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली. काहींना सोबत औषधंही लागतात.

माफ करणं मात्र यातल्या कोणत्याच टप्प्यात सक्तीचं नाही. 'आता म्हातारा झालाय तो, सोडून दे' हा सल्ला बहुतेक वेळा बाकीच्या घराच्या सोयीसाठी दिलेला असतो.

मदत कुठे?

टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. मुंबईतली 'अर्पण' ही संस्था याच विषयावर काम करते. सरकारी जिल्हा रुग्णालयांत, तसंच ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत ओपीडी असते. नावाला घाबरू नका, ओपीडीत दाखवणं म्हणजे भरती होणं नव्हे.

खासगी थेरपिस्टकडे जाणार असाल तर आधी दोन गोष्टी विचारा. अशा केसेस त्यांनी हाताळल्यात का? आणि मी सांगितलेलं कुठपर्यंत गुप्त राहील? दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण मुलावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना द्यावी, असं पॉक्सोचं कलम १९ सांगतं. घटना तुमच्या लहानपणची असेल तर काय, यावर थेरपिस्टांमध्येही एकमत नाही. म्हणून नाव-गाव सांगण्याआधी विचारून घ्या.

तक्रार आता करता येते का?

पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. त्यानंतरच्या घटनेसाठी वयाने मोठं झाल्यावरही तक्रार करता येते, हे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये स्पष्ट केलं. त्याआधीच्या घटनांना तेव्हाचा दंडविधान लागतो. बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्याला मुदत नाही. मात्र तेव्हा कमी शिक्षा असलेल्या विनयभंगासारख्या कलमांना तीन वर्षांची मुदत होती. ती वाढवून देणं कोर्टाच्या हातात असतं. त्यामुळे आधी वकिलाशी बोलणं बरं. महिलांना, आणि मानवी तस्करीतून सुटलेल्या कोणालाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

तक्रार न करणं हाही निर्णय असू शकतो. तक्रार केली तरच बरं होता येतं, असं नाही.

तस्करीतून आलेल्यांची अडचण वेगळी

ज्यांना लहानपणी विकलं गेलं, वीटभट्टीवर किंवा कुंटणखान्यात ठेवलं गेलं, त्यांच्यासाठी 'सुरक्षितता' हा पहिला टप्पाच कागदांवर अडतो. अठरा वर्षं झाली की बालगृह सुटतं. बाल न्याय कायद्यात २१ वर्षांपर्यंत 'आफ्टरकेअर'ची तरतूद आहे, पण ती मागावी लागते. वेठबिगारीतून सोडवलेल्यांसाठी केंद्राची योजना आहे. लैंगिक शोषण किंवा तस्करीच्या गंभीर प्रकरणांत तिची रक्कम तीन लाखांपर्यंत जाते. मात्र तिची मुख्य रक्कम आरोपीला शिक्षा होण्याशी जोडली गेली, आणि खटले किती चालतात ते आपल्याला माहीत आहे. भाडं भरायला पैसे नाहीत, आधार कार्डावर पत्ता नाही, अशा बाईला आठवड्याला एक थेरपी सेशन सुचवणं म्हणजे तिची चेष्टाच.

कागदांच्या बाबतीत एक वाट थोडी मोकळी झाली. बुधदेव कर्मास्कर प्रकरणात सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये सांगितलं की, देहविक्रय करणाऱ्या महिलांना पत्त्याचा पुरावा नसला तरी ठरावीक अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार द्या, आणि त्यातून त्यांची ओळख उघड होऊ देऊ नका. कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या 'प्रेरणा'सारख्या संस्था अशा बायकांसोबत आणि त्यांच्या मुलांसोबत उभ्या आहेत. २०१९ पासून तस्करीतून सुटलेल्यांची 'आयएलफॅट' ही स्वतःची संघटनाही आहे.

तुमच्या इनबॉक्समध्ये कुणी सांगितलं तर?

'माझा तुझ्यावर विश्वास आहे' आणि 'यात तुझी चूक नव्हती', सुरुवातीला एवढंच पुरतं. तपशील विचारू नका, 'पोलिसात का नाही गेलीस' विचारू नका, त्या नातेवाइकाला जाब विचारायला परस्पर फोन करू नका. अजून तिथे एखादं लहान मूल धोक्यात आहे असं कळलं तर मात्र थांबायचं नाही: १०९८ किंवा ११२.

आणि स्क्रीनशॉट पुढे पाठवू नका. बलात्कारासारख्या गुन्ह्यातल्या पीडित व्यक्तीची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्वतःचं नाव घालून लिहायचं की नाही, हे मोठी झालेली ती व्यक्तीच ठरवते. तुमच्या 'फक्त क्लोज फ्रेंड्स'ला दाखवण्याआधी तिला विचारलंत का?