हवेतले जंतू ओळखणार कोण?

पाणी गढूळ असले तर डोळ्यांना दिसते, दूध नासले तर नाकाला कळते. हवेतल्या जंतूंचा मात्र आपल्याला काहीच सुगावा लागत नाही. म्हणून घरात कुणाला फुफ्फुसाचा टीबी झाला की खबरदारी भलतीकडेच सुरू होते. आजारी माणसाचे ताट वेगळे, पेला वेगळा, चादर वेगळी. आणि थंडी बाधेल म्हणून खिडकी तेवढी घट्ट बंद!

हा टीबी पसरतो हवेतून. ते प्रयोगाने सिद्ध व्हायला १९५० चे दशक उजाडावे लागले. अमेरिकेत बाल्टिमोर येथे रिचर्ड रायली यांनी रुग्णालयातील सहा खाटांच्या टीबी वॉर्डातली हवा नळीवाटे वर नेली आणि गिनी पिग ठेवलेल्या कोठडीत सोडली. रुग्णांशी त्या प्राण्यांचा दुसरा कसलाही संबंध नव्हता, ना भांड्यांचा, ना कपड्यांचा. तरी त्यांच्यातल्या अनेकांना टीबी झाला. दुसऱ्या कोठडीत तीच हवा अतिनील किरणांखालून नेऊन सोडली होती. तिथले प्राणी बचावले. शालेय पुस्तकांत हा प्रयोग यायलाच हवा, असे आम्हाला वाटते.

प्राणीच का? हवेत टीबीचे जंतू फार विरळ असतात. प्रयोगशाळेत ते वाढायला कित्येक आठवडे लागतात, आणि तेवढ्यात इतर जंतू ती बशी व्यापून टाकतात. गिनी पिग मात्र महिनोन्महिने तीच हवा घेतो आणि अगदी थोड्या जंतूंनीही आजारी पडतो. थोडक्यात, तो प्राणीच मोजमापाचे यंत्र होता.

हेच काम काही मिनिटांत व्हावे म्हणून शास्त्रज्ञ जैवसंवेदक, म्हणजे बायोसेन्सर, बनवू लागले. नाव अवघड, पण वस्तू ओळखीची. अब्बांची साखर तपासायचा ग्लुकोमीटर हाही बायोसेन्सरच. पट्टीवरचे विकर साखर ओळखते आणि यंत्र त्या ओळखीचा आकडा करून दाखवते.

जंतूंसाठी अमेरिकेतील एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने २००३ मध्ये एक नामी युक्ती जाहीर केली. त्यांनी उंदराच्या रोगप्रतिकारक पेशी घेतल्या आणि त्यांत जेलीफिशचे चमकणारे प्रथिन तयार होईल अशी सोय केली. ठरावीक जंतू चिकटला की पेशी काही सेकंदांत चमकते. तंत्राचे नाव ‘कॅनरी’. पूर्वी खाणीतला विषारी वायू कळावा म्हणून कामगार याच नावाचा पक्षी सोबत नेत.

खरी अडचण ओळखण्यात नाही, पकडण्यात आहे. रक्ताच्या थेंबात साखर भरपूर असते. खोलीभर हवेत मात्र धूळ, काजळी, बुरशी यांच्या गर्दीत चार-दोन जंतू. शेकडो लिटर हवा ओढून ती इवल्याशा थेंबात उतरवावी लागते. शिवाय त्या पेशी जिवंत राखायच्या. त्यामुळे घराच्या भिंतीवर टांगावे असे यंत्र अजून आलेले नाही.

रायली यांना आणखी एक गोष्ट आढळली होती. औषध सुरू झालेल्या रुग्णांपेक्षा औषध न घेणाऱ्यांकडून प्राण्यांना कितीतरी अधिक लागण होत होती. ताट वेगळे करण्याने फक्त माणूस एकटा पडतो. आणि खिडकीचे म्हणाल, तर २००७ मध्ये पेरू देशातील लिमा शहरात रुग्णालयांच्या खोल्यांतली हवा किती वेगाने बदलते ते मोजले गेले. यंत्राने हवा खेळवलेल्या नव्या खोल्या मागे पडल्या. उंच छताचे, मोठ्या उघड्या खिडक्यांचे जुने वॉर्ड सरस ठरले.