वजन जास्त, तरी लोह कमी

‘खात्यापित्या घरची पोर आहे, हिला कसला अ‍ॅनिमिया?’ ओपीडीत पालक हा प्रश्न हमखास विचारतात. पंधरा-सोळाचे वय, वजन जास्त, जिना चढताना धाप, अभ्यासात लक्ष नाही. घरचे म्हणतात, आळशी झाली आहे. रक्त तपासले की लोहाचा साठा तळाला गेलेला निघतो.

लठ्ठ किशोरवयीनांच्या रक्तात लोह कमी असल्याची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये १९६२ सालीच झाली. कारण कळायला मात्र सुमारे चाळीस वर्षे लागली. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे संप्रेरक आतड्यातून रक्तात जाणाऱ्या लोहाची वाट अडवते. शरीरात दाह असला की ते वाढते, आणि जादा चरबी सौम्य दाह सतत धुमसत ठेवते. म्हणजे ताटात लोह असले तरी रक्तात कमी पोहोचते.

त्यात भर झपाट्याने होणाऱ्या वाढीची, मुलींच्या पाळीची आणि क्लासच्या वाटेवरच्या वडापाव-चिप्सची. अशा खाण्यात उष्मांक भरपूर, लोह नगण्य. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुलांना अ‍ॅनिमिया आहे.

केवळ हिमोग्लोबिन पाहून भागत नाही. आधी साठा रिकामा होतो, हिमोग्लोबिन नंतर उतरते. साठा कळतो फेरिटिनवरून. पण दाहामुळे फेरिटिन वाढलेले दिसू शकते. म्हणून लठ्ठ मुलांचा ‘नॉर्मल’ रिपोर्ट सीआरपी तपासणीसोबत डॉक्टरांकडून समजून घ्यावा.

वजन उतरवण्यासाठी उपाशी राहणे हा उपाय नव्हे. त्याने उरलेसुरले लोहही जाते. बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, हरभरा, पालेभाजी आणि वर लिंबू पिळलेले असावे. चालत असेल तर अंडी, मटण, मासे. जेवणानंतर तासभर चहा नको. रोज तासभर मैदानी खेळ हवाच. वजन घटले की हेप्सिडिनही उतरते. शाळेतली आठवड्याची निळी गोळी (६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड) चुकवू नये, जंतनाशक गोळीही घ्यावी. जास्त मात्रेची औषधे मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

मूल दमत असेल, तर ‘आळशी’ म्हणण्याआधी रक्त तपासून घ्या.