बैठे काम आणि बरोबरीचा सोबती

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्यानंतर पाच वर्षांनी, १९५३ मध्ये, लंडनच्या बस कर्मचाऱ्यांविषयीचे डॉ. जेरी मॉरिस यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. दुमजली गाडीचे जिने दिवसभर चढणाऱ्या वाहकांपेक्षा, बसून राहणाऱ्या चालकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण अधिक असल्याचे त्यात आढळून आले.

शेवगाव परिसरातील ऊसतोडणी मजुराला व्यायामाचा उपदेश करणे हास्यास्पद ठरेल. त्याला विश्रांती हवी. प्रश्न आहे तो तहसील कचेरी, पंचायत समिती, बँका आणि शाळांतील बैठ्या कामाचा. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, त्याबरोबर रोजची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी वाढली. सुटी वाढली, तशी खुर्चीवरची बैठकही लांबली. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम श्रमाची हालचाल आवश्यक मानते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालणे.

हे ठाऊक नसलेला कर्मचारी विरळा. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने कचेरीत करावयाचा पाच मिनिटांचा योगविरामही आखून दिला. तथापि परिपत्रक फलकावर लागते आणि माणसे खुर्चीवरच राहतात. साहेबांनी ‘चला’ म्हटले तर सारे उठतात खरे. साहेब दौऱ्यावर गेले की उठणे थांबते.

येथे बरोबरीच्या सोबत्याचे महत्त्व आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात कार्यालयांमधून पंधरा मिनिटांच्या सामूहिक व्यायाम-विरामाचा प्रयोग झाला, तेव्हा तो चालविण्याचे काम प्रशिक्षित सहकाऱ्यांकडेच सोपविण्यात आले होते. आपल्याकडे दिंडीत हे नवे नाही. थकलेला वारकरी शेजारच्याचे पाऊल पाहून पुढे पाऊल टाकतो. कचेरीतला असा सोबती हजेरी घेत नाही. टेबलापाशी येऊन ‘येताय ना?’ एवढेच विचारतो. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला मधुमेह आहे, हे त्याला माहीत असते.

अशा कामासाठी नावाजलेला खेळाडू निवडण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. त्याचा वेग पाहूनच पोट सुटलेला लिपिक मागे फिरतो. स्वतः नुकताच चालू लागलेला मनुष्य अधिक उपयोगी पडतो. सोबती दोन असावेत, त्यात एक महिला असावी. एकाची बदली झाली तरी गट मोडत नाही. सायंकाळी घरी परतून चूल सांभाळणाऱ्या कर्मचारी भगिनींना वेगळा वेळ काढणे अवघड, म्हणून हा विराम कामाच्या वेळेतच बसवावा लागतो. कोणाच्या वजनाची चेष्टा होता कामा नये. छातीत दुखणे किंवा धाप लागणे हा त्रास असणाऱ्याने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तेथे सोबत्याचा आग्रह कामाचा नाही.

कार्यालयप्रमुखाकडे यात दोनच गोष्टी येतात: दहा मिनिटांची उघड परवानगी आणि सावलीची जागा. चैत्र-वैशाखात शेवगावच्या दुपारी अंगणात चालणे शक्य नसते. व्हरांडा आणि जिना मोकळा करून दिला, तर कपाटे हलविण्यापलीकडे खर्च येत नाही.